जॅमर पकडाच, पण आमच्या राउटरला आतून कडी पण लावून द्या : दूरसंचार विभागाला खुलं पत्र

प्रति,
दूरसंचार विभाग, वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशन, आणि आमच्या घरोघरी राउटर बसवून जाणाऱ्या सगळ्या इंटरनेट कंपन्या

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, मागच्या पावसाळ्यात हुपरीच्या एका चांदीवाल्या काकांचा मला सकाळी सातला फोन आला, म्हणाले "अरे कॅमेरे रात्री परत बंद पडलेले बघ." परत म्हणजे तिसऱ्या रात्री. मी कोल्हापूर, इचलकरंजी, हुपरी या पट्ट्यात सोळा वर्षं सीसीटीव्ही आणि नेटवर्कचं काम करतो, काकांचे चारही कॅमेरे मीच बसवलेले, वाय-फायचे, रेकॉर्डिंग सगळं क्लाउडवर, कारण जागा भाड्याची आणि घरमालक भिंतीला एक भोक पाडू देत नव्हता. हुपरी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्याकडं पैंजणं घरोघरी बनतात, पुढं राहायचं घर आणि मागं कारखाना, रात्री कच्चा माल घरातच असतो. त्यामुळं कॅमेरा बंद म्हणजे नुसती गैरसोय नाही, घरातली बाई रात्रभर जागी राहते.

पहिल्या दिवशी मला वाटलं राउटर गेला, बदलला. दुसऱ्या दिवशी चॅनल बदलला. तिसऱ्या रात्रीनंतर मात्र माझं डोकं चालेना, कारण लाईट गेलेली नव्हती, फायबर चालू होतं, कंपनीच्या सिस्टीममध्ये लाईन रात्रभर अप दिसत होती, राउटरचे सगळे दिवे हिरवे, आणि तरी दोन ते तीनच्या मध्ये चारही कॅमेरे एकदम गायब. चार वेगवेगळे कॅमेरे एकाच मिनिटाला खराब होत नसतात. मग चौथ्या रात्री मी लॅपटॉप आणि हवेतली पॅकेट, म्हणजे वाय-फायवरून जाणारे डेटाचे तुकडे, पकडणारं कार्ड घेऊन कारखान्यातच बसलो, काकूंनी चहाचा थर्मास भरून दिला, आणि सव्वादोनच्या सुमाराला स्क्रीनवर जे दिसायला लागलं ते मी तोवर फक्त ट्रेनिंगमध्ये बघितलं होतं. "कनेक्शन तोड, कनेक्शन तोड" असा हुकूम, सेकंदाला शेकड्यानं, आणि पाठवणाऱ्याच्या जागी पत्ता आमच्याच राउटरचा! आमचा राउटर तर माझ्या समोर टेबलावर होता, तो असलं काही पाठवत नव्हता. बाहेर कुणीतरी त्याच्या नावानं खोटे हुकूम सोडत होतं आणि कॅमेरे मुकाट्यानं ऐकत होते. पंचवीस मिनिटं चाललं, मग थांबलं. सकाळी मागच्या दाराची कडी वाकवलेली दिसली. आत दिवा आणि माणूस होता म्हणून वाचलं असं काका म्हणतात आणि मलाही तसंच वाटतं.

आता हे तुम्हाला नवीन नाही हे मला माहीत आहे, तुम्ही या विषयातले मोठे लोक आहात. पण हे पत्र उघडं लिहितोय म्हणून सामान्य माणसाला कळेल असं सांगतो. वाय-फायमध्ये पासवर्ड आपल्या डेटाला कुलूप लावतो, पण राउटर आणि मोबाईल एकमेकांशी जे व्यवहाराचं बोलतात, म्हणजे ये, बस, आता जा, ते जुन्या पद्धतीत उघड्यावर आणि सहीशिवाय चालतं. कुणीही राउटरचा पत्ता लावून "आता जा" म्हटलं की मोबाईल जातो, खरं कोण बोललं हे तपासतच नाही. पासवर्ड कितीही अवघड ठेवा, फरक पडत नाही. यावर औषध २००९ मध्येच आलंय, ८०२.११डब्ल्यू नावाचं, ज्याला आम्ही पीएमएफ म्हणतो, त्यात या हुकुमांवर एक छुपी खूण असते आणि खूण जुळली नाही तर उपकरण हुकूम झटकून टाकतं. २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-थ्री आलं त्यात तर हे सक्तीचंच आहे. आणि काकांच्या राउटरमध्ये? जुना राउटर आणि मी बदललेला नवा, दोन्हीत ही सोय होती. दोन्हीत बंद होती. तीन पर्याय असतात तिथं, बंद, जमेल तसं, आणि सक्तीनं, आणि बॉक्समधून काढल्या काढल्या काटा "बंद"वर. औषध येऊन इतकी वर्षं झाली आणि ते कपाटात आहे, नुसता हात लांब करायचाय, पण पेशंटला कुणी सांगितलंच नाही.

मी ते "सक्तीनं" केलं तर चारातले दोनच कॅमेरे परत जोडले गेले. उरलेल्या दोघांना ही भाषाच येत नव्हती, आणि ते दोन कॅमेरे काही दहा वर्षांपूर्वीचे नव्हते.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, नाहीतर लोक म्हणतील सेटिंग बदललं की झालं. पीएमएफ खोटा हुकूम थांबवतं, गोंगाट थांबवत नाही. खरा जॅमर म्हणजे गोंगाट. वाय-फायचा स्वभाव सभ्य माणसासारखा आहे, बोलण्याआधी ऐकतो, कुणी बोलत असेल तर थांबतो, शांत झालं की मग आपलं सांगतो. चावडीवर दहा माणसं अशीच एकमेकांचं ऐकून बोलत असतील आणि एकजण कोपऱ्यात बसून सतत पत्रा बडवत राहिला तर बाकीचे वाट बघतच राहणार, कुणाचीच पाळी येणार नाही. हा झाला साधा जॅमर, आणि तो पकडायला त्यातल्या त्यात सोपा कारण तो सारखा वाजत असतो. अवघड तो जो गप्प बसतो, कुणीतरी बोलायला तोंड उघडलं की नेमका तेव्हाच पत्रा बडवतो आणि परत गप्प. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ सालीच या सगळ्या जाती मांडल्या, सतत वाजणारा, खऱ्या पॅकेटचं सोंग घेणारा, मधूनमधून वाजणारा आणि हा दबा धरून बसणारा, आणि ओळखायचं कसं तेही सांगितलं. नुसता सिग्नल बघून कळत नाही, नुसती किती पॅकेट पोचली हे बघूनही कळत नाही, दोन्ही एकत्र बघायचं. सिग्नल कमकुवत आणि डेटा जात नाही, तर तुम्ही लांब आहात किंवा मध्ये भिंत आहे. सिग्नल दणदणीत आणि तरी डेटा जात नाही, तर काहीतरी काळंबेरं आहे. मी हे माझ्या वहीत लिहून ठेवलंय आणि माझ्या दोन्ही पोरांना, म्हणजे माझ्याकडं कामाला असलेल्या पोरांना, पाठ करायला लावलंय. सिग्नल -४५ डीबीएम, म्हणजे दणदणीत, आणि पॅकेट शून्य दिसलं की राउटर बदलायचा नाही, आधी मला फोन करायचा.

हे गणित राउटरला स्वतःला करता येत नाही का? येतं. सिग्नल आणि पोचलेली पॅकेट हे दोन्ही आकडे त्याच्याकडं असतातच. मग गिऱ्हाईकाच्या मोबाईलवर एक मेसेज का येत नाही की "तुमचं वाय-फाय कुणीतरी अडवतंय असं दिसतं"? आज मेसेज काय येतो, "डिव्हाइस ऑफलाइन". लाईट गेली तरी ऑफलाइन, केबल उंदरानं कुरतडली तरी ऑफलाइन, चोर दारात उभा असला तरी ऑफलाइन!

आता माझ्या खऱ्या तक्रारीकडं येतो. पाचव्या दिवशी काका आणि मी पुरावा घेऊन फिरलो. इंटरनेट कंपनीच्या हेल्पलाईनला सांगितलं तर त्या बाईंनी नम्रपणे सांगितलं की लाईन अप आहे सर, राउटर एकदा बंद करून चालू करा. पोलीस ठाण्यात कडी वाकवल्याची नोंद घेतली, ती नीट घेतली, पण वाय-फायचं कुठल्या रकान्यात लिहायचं हे हवालदार साहेबांना समजेना आणि शेवटी "इंटरनेट बंद पडले" एवढंच लिहिलं गेलं. त्यांची चूक नाही, त्यांना कुणी शिकवलंच नाही. मग एका सरकारी कार्यालयात मेल केली, तिथून बारा दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं की हा खुला बँड आहे, यात संरक्षण मिळत नाही.

या एका ओळीसाठी मी हे पत्र लिहितोय.

साहेब, नियम मलाही माहीत आहे. २००५ च्या नियमानं वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा, म्हणजे बँड, लायसन्समधून मोकळा झाला, १ वॅटपर्यंत आउटपुट, अँटेना धरून ४ वॅटपर्यंत, आणि अट अशी की दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही आणि स्वतःसाठी संरक्षण मागायचं नाही. २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचे पट्टे असेच मोकळे झाले. ही फार चांगली गोष्ट झाली, माझं पोट त्यावर चालतं. आणि संरक्षण नाही हेही बरोबरच आहे, कारण शेजारच्याचा राउटर, वरच्या मजल्यावरचा मायक्रोवेव्ह, पोराचा ब्लूटूथ स्पीकर, सगळे त्याच पट्ट्यात, एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, म्हणजे अख्खी गल्ली तीन वाटांनी चाललीय. त्या गर्दीत धक्का लागला तर तक्रार कुणाकडं करायची, कुणाकडंच नाही, मान्य. पण बाजारात गर्दीत धक्का लागणं वेगळं आणि कुणी मुद्दाम रस्त्यात आडवा झोपून माझी गाडी अडवणं वेगळं. रस्ता सगळ्यांचा आहे म्हणून अडवणाऱ्यालाही मोकळीक, असा अर्थ त्या नियमाचा असूच शकत नाही.

आणि हा माझ्या मनाचा अर्थ नाही. अमेरिकेतही वाय-फायला असंच संरक्षण नाही, तिथंही उपकरणानं येईल तो अडथळा सोसायचा असतो. तरी ऑक्टोबर २०१४ मध्ये तिथल्या एफसीसीनं, म्हणजे दूरसंचारावर देखरेख करणाऱ्या सरकारी आयोगानं, मॅरियट हॉटेल कंपनीकडून ६ लाख डॉलर वसूल केले, कारण नॅशव्हिलच्या त्यांच्या गेलॉर्ड ऑप्रीलँड हॉटेलात लोक स्वतःच्या मोबाईलचा हॉटस्पॉट लावायचे आणि हॉटेलची सिस्टीम नेमके हेच "कनेक्शन तोड"चे हुकूम पाठवून तो पाडायची, आणि प्रदर्शनात स्टॉल लावणाऱ्यांना हॉटेलचं वाय-फाय एका डिव्हाइसला २५० ते १००० डॉलरनं विकलं जायचं. एफसीसीनं १९३४ च्या कायद्याचं कलम ३३३ दाखवलं, की जाणूनबुजून दुसऱ्याच्या अधिकृत रेडिओ संपर्कात अडथळा आणता येणार नाही, आणि जानेवारी २०१५ मध्ये सगळ्यांनाच बजावलं की वाय-फाय अडवणं बेकायदेशीर आहे. पट्टा खुला, संरक्षण नाही, आणि तरीही मुद्दाम अडवलं तर दंड. दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात.

आपल्याकडं कायदा कमी आहे असंही नाही. जुलै २०२२ मध्ये तुम्हीच जाहीर केलंत की सरकारची खास परवानगी नसेल तर मोबाईल जॅमर, जीपीएस ब्लॉकर आणि सिग्नल अडवणारं कुठलंही यंत्र वापरणं बेकायदेशीर आहे, खासगी माणसाला किंवा संस्थेला ते विकतही घेता येत नाही, त्याची जाहिरात, विक्री, आयात काहीच चालत नाही. फार चांगलं केलंत. पण हुपरीच्या त्या रात्रीचा माणूस या व्याख्येत बसतो का ते बघा, कारण त्याच्या हातात बहुतेक जॅमर नव्हताच. हे खोटे हुकूम काही शे रुपयांच्या वाय-फाय चिपवरून सुटतात, तीच चिप जी इंजिनिअरिंगची पोरं प्रोजेक्टला वापरतात, जिच्यावर कुणीतरी शेतातला पंप चालू-बंद करतं, पॉवर नियमात, बँड नियमात. चिपवर बंदी घालू नका, हात जोडून सांगतो, पोरांचं शिक्षण बुडेल आणि चोराचं काही अडणार नाही. वस्तूवर नाही, कृत्यावर बोट ठेवा. दुसऱ्याचं वायरलेस मुद्दाम तोडणं हा गुन्हा, मग ते कशानं का तोडलेलं असेना, खुल्या बँडमध्ये असो की मोबाईलच्या, एवढं एका परिपत्रकात साध्या भाषेत लिहा आणि ते प्रत्येक पोलीस ठाण्यापर्यंत जाऊ द्या, मराठीतून.

शोधायची ताकद तुमच्याकडं आहे हे सगळ्यांनी बघितलंय. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली विमानतळाजवळ विमानांना खोटं जीपीएस मिळत होतं, संसदेत सरकारनं ते मान्य केलं, मुंबईसह आणखी काही विमानतळांवरही उपग्रह सिग्नलमध्ये अडथळ्याच्या नोंदी असल्याचं सांगितलं, आणि स्रोत शोधायचं काम कुणाला दिलं तर वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनला. तुमचं एक मॉनिटरिंग स्टेशन आमच्याच राज्यात बोरिवलीजवळ गोराईला आहे. हवेतली लहर कुठून आली हे शोधणं हेच ज्यांचं काम, त्यांच्यापर्यंत हुपरीचा माणूस पोचावा कसा, एवढाच प्रश्न आहे. गोराईची गाडी हुपरीला पाठवा असं मी म्हणत नाही, पंचवीस मिनिटांच्या प्रकाराला गाडी पोचणारही नाही. पण तुमच्या संचार साथी पोर्टलवर जशी फसव्या कॉलची तक्रार चक्षू नावाच्या सोयीतून दोन मिनिटांत करता येते तशी सिग्नल अडवल्याची तक्रार करता येऊ दे, वेळ, जागा, कुठला बँड, आणि जमलं तर लॉगची फाईल जोडायला जागा. एकट्या हुपरीच्या तक्रारीला अर्थ नसेल, पण एकाच महिन्यात हुपरी, रेंदाळ आणि इचलकरंजीतून रात्री दोनच्या सहा तक्रारी आल्या तर जिल्हा पोलिसांना नकाशावर दिसेल ना.

दिल्लीच्या त्या प्रकरणातली अजून एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. विमानं सुखरूप उतरली कारण जमिनीवरची जुनी नेव्हिगेशन यंत्रं काढून टाकलेली नव्हती, जीपीएस फसलं तर पायलटला दुसरा आधार होता. आमच्या धंद्यात हे आम्ही विसरत चाललोय, आणि यात माझ्यासारख्या बसवणाऱ्यांचाही दोष आहे, गिऱ्हाईक म्हणतं वायर नको आणि आम्ही मान डोलावतो. काकांकडं मी शेवटी काय केलं, तर घरमालकाला समोर बसवून लॅपटॉपवरची रेकॉर्डिंग दाखवली, तो माणूस समजूतदार निघाला, कॅट-सिक्स नेटवर्क केबल टाकली, पीओई स्विच बसवला, म्हणजे त्याच केबलमधून कॅमेऱ्याला वीजही मिळते, दोन दारांवरचे कॅमेरे वायरवर घेतले, एनव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगचा डबा, आतल्या खोलीत कपाटात, बाकी दोन नवे कॅमेरे पीएमएफवाले आणि त्यांच्यात एसडी कार्ड, म्हणजे नेट तुटलं तरी चित्र कॅमेऱ्यातच साठतं. अलार्मचे सेन्सर वायरलेसच ठेवले पण हजेरी लावणारे घेतले, जे ठराविक वेळानं "मी आहे" असं सांगतात आणि सांगणं थांबलं की भोंगा वाजतो. स्वस्तातल्या सेन्सरमध्ये उलटं असतं, दार उघडलं तरच तो बोलतो, आणि त्याचा आवाज दाबला तर घराला कळतच नाही की तो बोलला होता. हे बारीक आहे पण इथंच घर वाचतं किंवा जातं.

म्हणून नियमाबद्दल माझं मागणं स्पष्ट आहे. वाय-फायच्या घरगुती राउटरला तुमच्याकडंच सुरक्षेचं सर्टिफिकेट घ्यावं लागतं, बंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर कम्युनिकेशन सिक्युरिटीकडून, आणि सीसीटीव्ही कॅमेऱ्यांनाही एप्रिल २०२५ पासून एसटीक्यूसी या सरकारी तपासणी संस्थेच्या चाचण्या लागू झाल्यात, त्यामुळं बाजारात थोडी शिस्त आली हे मी दुकानात रोज बघतो. त्याच यादीत हे बघा की पीएमएफ बॉक्समधून काढतानाच चालू आहे का. निदान "जमेल तसं" वर तरी, म्हणजे नवी उपकरणं संरक्षण घेतील आणि जुनी बहुतेक सगळी चालत राहतील, कुणाच्या आजीचा टॅब बंद पडला म्हणून ओरडा होणार नाही. आणि कॅमेऱ्याच्या खोक्यावर जिथं मेगापिक्सेल एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिता तिथं एक ओळ, कनेक्शन तोडण्यापासून संरक्षण आहे की नाही, आणि नेट तुटल्यावर रेकॉर्डिंग चालू राहतं की नाही.

इंटरनेट कंपन्यांना वेगळं सांगतो, तुम्हाला तर नियमाची वाट बघायचीही गरज नाही. तुमचे राउटर तुम्ही ऑफिसात बसून अपडेट करता, पासवर्ड विसरला तर तिथूनच बदलून देता. मग हे एक सेटिंगही तिथूनच होईल. एखाद्या तालुक्यात करून बघा, महिनाभर तक्रारी मोजा, मग पुढं जा. आणि हेल्पलाईनवरच्या मुलांच्या कागदावर एक प्रश्न वाढवा, "सिग्नल फुल दाखवून सगळी उपकरणं एकदम तुटतात का, रोज ठराविक वेळेला तुटतात का?" हो म्हटलं तर राउटर बंद-चालू करायला सांगू नका, वरच्या टेबलाकडं पाठवा.

जाता जाता अजून एक. तुरुंगात किंवा परीक्षा केंद्रावर परवानगीनं जॅमर लागतात, लागू देत, पेपरफुटीनं पोरांचं वाटोळं होण्यापेक्षा ते बरं. पण आसपासच्या दुकानदारांना तारीख आणि वेळ आधी कळू द्या, साधा कागद गेटवर चिकटवला तरी चालेल. त्या दिवशी मशीन नेट पकडेना म्हणून मला चार फोन येतात आणि परवानगीचा जॅमर कुठला आणि चोराचा कुठला हे मला रस्त्यावर उभं राहून ओळखता येत नाही.

काकू आता झोपतात असं काका सांगतात, कडी नवीन बसवली. तो माणूस सापडलेला नाही. त्या रात्रीची पंचवीस मिनिटांची पॅकेटची फाईल माझ्याकडं पेनड्राईव्हवर आहे, वेळेच्या शिक्क्यासकट, काहीही न बदलता ठेवलीय. ती कुठं पाठवायची तेवढं कळवा.

आपला नम्र,
कोल्हापूर जिल्ह्यातला एक सीसीटीव्ही आणि नेटवर्कवाला